सात मीटर चाळीस

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
सात मीटर चाळीस.
मी तीनदा मोजलं. दोनदा नदीवरचं धुकं
टेपच्या आकड्यांवर बसलं होतं,
तिसऱ्यांदा बेकरीतल्या पोरानं
दुसरं टोक धरलं, पिठाळ अंगठ्यानं.

तोरुन शहरातली ही दोरवाल्यांची गल्ली.
दोर वळणारे कधीच गेले, नाव राहिलं,
आणि राहिले हे गोटे.
इथे यांना मांजरांची डोकी म्हणतात.
पावसात खरंच तशी दिसतात,
शेकडो ओली डोकी, कान मिटून बसलेली.

कागदावर सोपं होतं.
चालणाऱ्यांना इतकं, सायकलींना इतकं,
मध्ये एक पांढरी रेघ,
आणि कडेला हिरव्या पेन्सिलीनं झाडं,
जी कधीच लागणार नाहीत,
खालून गॅसची नळी गेली आहे.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत,
बास्केटबॉलच्या कड्याखाली.
मार्त्सेलिना म्हणाली, पुढच्या पेटीत दोन पोरं घालून
मी रोज या गोट्यांवरून जाते,
मोठीचे दात वाजतात,
धाकटा आ आ आ करत गातो,
आवाज फुकटात थरथरतो म्हणून.
लोक हसले.
बोग्ना, वारसा विभागातली, हसली नाही.
एकही दगड हलणार नाही, म्हणाली,
आणि पिशवीतून एक काढून टेबलावर ठेवला,
साक्षीदार उभा करावा तसा.
बेकरीवाल्याचं एकच:
पहाटे चारला माझी पोती कुठे उतरवू?
ते त्यानं चारदा विचारलं.

मग मागच्या बाकावरून सेवेरिन उठला.
टेलिफोन केंद्रात एकतीस वर्षं
आवाजांना आवाज जोडून देणारा, जन्मांध.
तुम्ही ज्याला खडखड म्हणता ना, तो म्हणाला,
ती माझी घंटा आहे.
कोपऱ्यावर सायकल वळली की
तिचं मडगार्ड, टोपलीतल्या बाटल्या,
सगळं माझ्या आधी माझ्यापर्यंत पोचतं.
कुणाची आहे तेही सांगतो.
तुमच्या गुळगुळीत पट्टीवरून
ती मांजरासारखी येईल.
आणि ती रेघ. पांढरी म्हणालात.
पांढरी म्हणजे कशी?

मी फाइलमध्ये बघितलं,
जणू उत्तर तिथे असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर चालले,
डोळे मिटून, त्याच्या कोपराला धरून.
अकरा पावलांत दोनदा ठेचकाळले.
एका दारापाशी त्यानं माझा हात ओढला,
कोपऱ्यातल्या धोंड्यावर ठेवला,
गाड्यांच्या आसांपासून भिंत वाचवायला
कुणीतरी पुरलेला.
बोट आत जाईल एवढी खाच.
बघ, तो म्हणाला,
तुझ्या आधीही इथे जागा पुरत नव्हती.

नवा नकाशा, चौथा:
गोटे काढायचे, माथे कापायचे, तिथेच परत बसवायचे,
एक मीटर साठची सपाट वाट.
बोग्ना दोन दिवस फोनवर आली नाही,
मग म्हणाली, कापलेले तुकडे मला मोजून हवेत.
रेघ नाही. रेघेच्या जागी
दोन वितींचा खडबडीत पट्टा, काठीला वाचता येईल असा.
आणि दर दाराच्या अलीकडे
तीन ओळी जुनीच डोकी, न कापलेली,
येणाऱ्या प्रत्येक चाकाला बोलतं करायला.
धाकट्याला गाण्यापुरतं तेवढं राहील.

फक्त बेरीज बसत नाही.
सगळ्यांना सगळं दिलं की
सात मीटर पासष्ट होतात.
पंचवीस सेंटिमीटर, माझ्या पायातल्या बुटाएवढे,
दोन्हीकडच्या भिंती काही देत नाहीत.
खोडून खोडून कागद तिथे पातळ झालाय.
गुरुवारी पुन्हा सभा.
आज मी परत टेप घेऊन आले आहे,
उगाच, चौथ्यांदा,
आणि पोरगं विचारतंय,
ताई, ओढून धरू की सैल?